शब्दाचा अर्थ आणि शास्त्राचा अर्थ

निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत किंवा बेळगावच्या खडे बाजारात दोन व्यापारी बोलत उभे आहेत, अशी कल्पना करावी. त्यांपैकी मराठी बोलणारा गृहस्थ ‘आज अवसर नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याला सवड नसते. कानडी बोलणारा गृहस्थ ‘अवसर इल्ला’ असे म्हणतो, तेव्हा त्याला घाई नसते. शब्द एकच, संस्कृतातून दोन्ही भाषांत आलेला. परंतु एकाला उसंत नाही आणि दुसरा अगदी निवांत आहे. ‘अनुमान’ या शब्दाचीही तीच गोष्ट. मराठीत अनुमान म्हणजे पुराव्यावरून बांधलेला तर्क. कानडी व्यवहारात अनुमान म्हणजे शंका किंवा संशय. मराठी माणूस ज्या शब्दाने निष्कर्ष काढतो, त्याच शब्दाने त्याचा कानडी शेजारी संशय व्यक्त करतो.

सीमाभागात वाढलेल्या मनुष्याला अशा शब्दांची पारख शिकविण्यासाठी कोणी शिक्षक लागत नाही. शब्द कानी पडताच बोलणारा कोण, तो कोणत्या भाषेत बोलत आहे आणि बोलणे कशाविषयी चालले आहे, याचा अंदाज तो नकळत घेतो आणि मगच अर्थ लावतो. जुन्या धर्मग्रंथांचा अर्थ लावण्याचे जे शास्त्र आहे, त्याचा पायाही याच तीन प्रश्नांवर उभा आहे. बायबलसारखा ग्रंथ, जो मूळ भाषेपासून अनेक सीमा ओलांडून मराठी वाचकाच्या हाती आला आहे, तो वाचताना तर या प्रश्नांवाचून पाऊल टाकता येत नाही.

बायबलातील जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. त्याचा थोडा भाग अरामी भाषेत आहे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. मराठीत या ग्रंथाचे मुद्रित भाषांतर प्रथम झाले ते महाराष्ट्रात नव्हे, तर बंगालमधील श्रीरामपुरास. तेथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ नावाच्या पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली संपूर्ण नवा करार मराठीत आणला. कानडी भाषांतराचे काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेळ्ळारीस जॉन हँड्स यांनी पुढे नेले. लंडन मिशनरी सोसायटीचे कार्य बेळगावात १८२० साली सुरू झाले. या गावात एकच ग्रंथ दोन निराळ्या भाषांच्या पोशाखात लोकांसमोर येत राहिला.

याच बेळगावात १८३१ साली एका कासार कुटुंबात बाबा पदमनजी यांचा जन्म झाला. बेळगावच्या मिशन शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि १८५४ साली बेळगावातच त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’ या त्यांच्या पुस्तकामुळे मराठी वाचक त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या कामाची आणखी एक बाजू येथे विशेष महत्त्वाची आहे. १८६० साली त्यांनी ‘शब्दरत्नावली’ हा समानार्थी शब्दांचा कोश केला. मोल्सवर्थ यांच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप त्यांनी १८६३ साली सिद्ध केला. आणि याच पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीकाही लिहिली. कोशकार आणि टीकाकार ही दोन कामे एकाच मनुष्याच्या हातून व्हावीत, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. शब्दांची छाननी केल्यावाचून शास्त्रावर बोलता येत नाही, ही जाणीव त्या पिढीतील अभ्यासकांना होती.

ही छाननी करावी कशी? प्रथम एक मोह टाळावा लागतो. शब्दाची व्युत्पत्ती सापडली, म्हणजे त्याचा खरा अर्थ सापडला, असा हा मोह आहे. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला. म्हणून शेंगदाण्याच्या तेलाला तेल म्हणणे चूक आहे, असे कोणी म्हणत नाही. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचे दर्भ नीट तोडून आणणारा, असे जुने पंडित सांगत. पण कुशल शल्यवैद्य शोधताना त्याला दर्भ तोडता येतो की नाही, हे कोणी विचारीत नाही. आपल्याकडील मीमांसकांनी हा विचार फार पूर्वीच केला होता. शब्दाच्या घटकांवरून निघणारा अर्थ तो योग, आणि लोकांच्या वापरात स्थिरावलेला अर्थ ती रूढी. आणि या दोहोंत रूढी बलवत्तर, असा त्यांचा निर्णय आहे.

बायबलाच्या अभ्यासकांना मात्र हा धडा पुनःपुन्हा गिरवावा लागला. ग्रीक भाषेत सामर्थ्याला ‘दुनामिस’ असा शब्द आहे. आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ साली आपल्या स्फोटक द्रव्याला त्यावरूनच ‘डायनामाइट’ हे नाव दिले. पुढे काही व्याख्याते उलट्या दिशेने चालू लागले आणि पौलाने ज्या सामर्थ्याचा उल्लेख केला ते सुरुंगासारखे आहे, असे सांगू लागले. ज्या वस्तूचा शोध अठरा शतकांनंतर लागणार होता, तिचा अर्थ पौलाच्या शब्दात कसा असू शकेल? सुरुंग फोडतो आणि उद्ध्वस्त करतो. पौलाच्या वचनात तर तारणाऱ्या सामर्थ्याची गोष्ट आहे. १९६१ साली जेम्स बार या विद्वानाने बायबलाच्या भाषेवर एक महत्त्वाचा ग्रंथ लिहून, केवळ शब्दमूळावरून धर्मविचार काढण्याच्या या पद्धतीवर कठोर टीका केली. शब्द एकटा बोलत नाही, तो वाक्यात बोलतो, हे त्याच्या म्हणण्याचे सार होते.

व्युत्पत्ती पुरेशी नाही, तर मग आधार कशाचा घ्यावा? ज्या काळात आणि ज्या लोकांत तो शब्द बोलला गेला, त्यांच्या वापराचा. या बाबतीत एक मोठा उजेड ईजिप्तच्या वाळूतून आला. १८९६-९७ च्या सुमारास ग्रेनफेल आणि हंट या दोन संशोधकांनी ऑक्सिरिंकस येथे उत्खननास आरंभ केला. तेथील उकिरड्यांत पपायरसाचे असंख्य तुकडे मिळाले. त्यांत घरगुती पत्रे होती, अर्ज होते, करारनामे होते आणि व्यापाऱ्यांच्या पावत्याही होत्या. नव्या कराराची ग्रीक भाषा ही काही निराळी पवित्र भाषा असावी, असे तोवर अनेकांना वाटत असे. आडोल्फ डाइसमान या जर्मन पंडिताने अशा कागदांच्या आधारे दाखवून दिले की, ती त्या काळच्या बाजारातील आणि घरातील चालती बोली होती.

त्याने दिलेले एक उदाहरण तर निपाणीच्या अडतदाराला लगेच पटेल. डोंगरावरील प्रवचनात येशूने गाजावाजा करून दानधर्म करणाऱ्यांविषयी म्हटले आहे की, त्यांना त्यांचे फळ मिळून चुकले. तेथे जे ग्रीक क्रियापद आहे, तेच क्रियापद पपायरसाच्या पावत्यांवर पुनःपुन्हा येते. रक्कम पूर्ण मिळाली, आता देणे राहिले नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. मराठी भाषांतरात या जागी ‘भरून पावणे’ असा प्रयोग आला आहे. जुन्या मराठी पावत्यांवर ‘रुपये भरून पावलो’ असे लिहून खाली सही करण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वचनातील बोच वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लोकांनी वाहवा केली, पावती फाडली, हिशेब मिटला. आता देवाकडे येणे काही शिल्लक नाही. मूळ शब्द बाजारातला होता आणि मराठी शब्दही बाजारातलाच मिळाला, म्हणून अर्थ जिवंत राहिला.

परंतु प्रत्येक शब्दाला असे भाग्य लाभत नाही. पुष्कळदा मूळ भाषेतील एका शब्दाच्या पोटात दोन-तीन अर्थ असतात आणि मराठीत त्यांतला एकच निवडावा लागतो. हिब्रूतील ‘रुआह’ आणि ग्रीकमधील ‘न्युमा’ या शब्दांचा अर्थ वारा असाही होतो, श्वास असाही होतो आणि आत्मा असाही होतो. निकदेम नावाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ रात्री येशूकडे येतो, त्या संवादात या शब्दावर सुंदर खेळ केलेला आहे. वाऱ्याची गती मनुष्याला कळत नाही, तशीच आत्म्याचीही, असा तो आशय. ग्रीक वाचकाला दोन्हीकडे एकच शब्द ऐकू येतो. मराठीत मात्र एकदा ‘वारा’ आणि एकदा ‘आत्मा’ असे म्हणावे लागते आणि त्यांना जोडणारा धागा तुटतो. मराठी बोलीत ‘अंगात वारे येणे’ हा प्रयोग आहे. तेथे वारा आणि दैवी संचार हे क्षणभर एकत्र येतात. पण तो प्रयोग इतक्या निराळ्या आचारांशी बांधलेला आहे की, भाषांतरकाराला तो वापरण्याचे धैर्य होऊ नये, हेही समजण्यासारखे आहे.

‘करार’ या शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. इंग्रजी परंपरेने या ग्रंथाच्या दोन भागांना दिलेल्या नावात लॅटिनमधून आलेली मृत्युपत्राची छटा आहे. हिब्रूतील ‘बरीथ’ हा शब्द मात्र दोन पक्षांमधील बांधिलकीचा आहे. मराठीने ‘करार’ हा अरबीतून आलेला आणि कचेरी-बाजारात रुळलेला शब्द घेतला. कानडीने ‘ओडंबडिके’ म्हणजे संमतीने झालेली बोली हा शब्द घेतला. या एका बाबतीत मराठी आणि कानडी वाचक हिब्रू अर्थाच्या अधिक जवळ आहेत, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. परंतु ग्रीकमधील ‘दियाथेके’ या शब्दात करार आणि मृत्युपत्र असे दोन्ही अर्थ आहेत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात लेखक एका अर्थावरून सहज दुसऱ्या अर्थावर जातो आणि म्हणतो की, करणाऱ्याच्या मरणानंतरच हा लेख अमलात येतो. करार करणारा मेल्यावर करार अमलात येतो, असे कोणी लिहिले तर तालुक्याचा वकीलही बुचकळ्यात पडेल. तेथे भाषांतरकाराला ‘मृत्युपत्र’ या शब्दाकडेच वळावे लागते. तात्पर्य असे की, मूळ शब्द एक म्हणून मराठी प्रतिशब्दही सर्वत्र एकच ठेवावा, हा नियम अर्थाला तारक होण्याऐवजी मारक होऊ शकतो.

ज्या घरात मराठी आणि कानडी अशी दोन्ही बायबले असतील, त्या घरातील वाचकाला यासाठी ग्रीक येण्याचीही गरज नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी मराठी पाठात ‘शब्द’ आहे, तर कानडी पाठात त्याच जागी ‘वाक्य’ आहे. मराठी शाळेतील मुलालाही शब्द आणि वाक्य यांतील भेद ठाऊक असतो. मग दोन भाषांतरकारांनी असे भिन्न शब्द का घेतले, हा प्रश्न मनात उभा राहिला, की वाचक मूळ ‘लोगोस’ या शब्दाच्या दारात येऊन पोचतो. बोलणे, विचार, हिशेब, कारण अशा अनेक छटा त्या शब्दात आहेत. ‘शब्द दिला म्हणजे दिला’ असे जेव्हा मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्यालाही व्याकरणातला शब्द अभिप्रेत नसतो. दोन भाषांतरांतील फरक हा गोंधळ नसून तो अभ्यासाचा दरवाजा आहे.

येथवर मूळ शब्दाचा विचार झाला. आता ज्या भाषेत तो आणावयाचा, तिच्या शब्दांचाही एक स्वतंत्र संसार असतो, हे लक्षात घेतले पाहिजे. सतराव्या शतकाच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ असा शब्द निःसंकोच वापरला. त्यामुळे त्यांच्या श्रोत्यांना ती रचना आपलीशी वाटली; परंतु वैकुंठाबरोबर विष्णूची आठवणही ओघाने आलीच. याच्या उलट मार्ग पंडिता रमाबाईंचा. बालपणापासून पुराणे मुखोद्गत असलेल्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून केडगाव येथे संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते पूर्णत्वास नेले. अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे असे साधे मराठी हा त्यांचा हेतू होता. आणि ज्या संस्कृत शब्दांच्या मागे दुसऱ्या तत्त्वज्ञानाची परंपरा उभी आहे, ते टाळण्याकडे त्यांचा कल होता. एकाने ओळखीचा शब्द घेतला, दुसरीने ओळखीच्या शब्दातील धोका ओळखला. दोघांच्याही पुढे प्रश्न तोच होता.

शिवाय हे शब्द स्वस्थ बसत नाहीत. ख्रिस्ती मराठीत ‘तारण’ म्हणजे उद्धार. पण तंबाखूच्या पिकासाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला तारण म्हणजे सावकाराकडे किंवा पेढीत गहाण दिलेली वस्तू. एका अर्थी मनुष्याला काही मिळते, दुसऱ्या अर्थी त्याला काही द्यावे लागते. येशूने अनेकांसाठी आपला जीव दिला, हे सांगताना मराठी बायबलात ‘खंडणी’ हा शब्द आला आहे. मूळ ग्रीक शब्द गुलामाच्या किंवा युद्धकैद्याच्या सुटकेसाठी भरलेल्या मूल्याचा. मराठेशाहीच्या कागदपत्रांत खंडणी म्हणजे एका सत्तेने दुसऱ्या सत्तेला द्यावयाची रक्कम. आजच्या वर्तमानपत्रांत मात्र खंडणी म्हणजे गुंडाने धमकावून उकळलेले पैसे. भाषांतरकाराने चूक केली नव्हती. त्याच्यामागे भाषा पुढे सरकली. म्हणून आजच्या वाचकाने शब्द वाचताना तो कोणत्या काळी योजला गेला, हेही विचारले पाहिजे.

एखाद्याला वाटेल की, हा सारा पंडितांचा विनोद आहे. सामान्य मनुष्याचे त्यावाचून काय अडते? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाच्या इतिहासात आहे. लेवीयाच्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत ‘सारअथ’ नावाच्या एका विकाराविषयी सविस्तर नियम आहेत. ज्याला तो झाला असेल त्याने वस्तीबाहेर राहावे, स्वतःला अशुद्ध म्हणून जाहीर करावे, असे तेथे सांगितले आहे. मराठी बायबलांत या विकारासाठी ‘महारोग’ आणि ‘कुष्ठरोग’ हे शब्द रूढ झाले.

आता हेच दोन अध्याय शांतपणे, आरंभापासून अखेरपर्यंत वाचावे. हा विकार मनुष्याच्या त्वचेला होतो, तसाच तो लोकरीच्या आणि सुताच्या वस्त्राला होतो, चामड्याला होतो, इतकेच नव्हे तर घराच्या भिंतींनाही होतो. भिंतीवर हिरवट-तांबूस खळगे दिसले तर याजकाने घर बंद करून सात दिवसांनी पुन्हा पाहावे, अशी आज्ञा आहे. त्याहूनही आश्चर्याची गोष्ट म्हणजे, त्वचा डोक्यापासून पायापर्यंत सर्वत्र पांढरी झाली असेल, तर तो मनुष्य शुद्ध समजावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. भिंतीला आणि सदऱ्याला होणारा हा विकार म्हणजे आज ज्याला कुष्ठरोग म्हणतात तो नव्हे, हे सांगावयास वैद्य लागत नाही. निरनिराळे त्वचाविकार, बुरशी, कसर अशा अनेक गोष्टींना मिळून ते एक नाव होते आणि त्याचा संबंध मुख्यतः उपासनेच्या शुद्धाशुद्धतेशी होता.

मग हा घोटाळा झाला कसा? ख्रिस्तपूर्व काळात जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा भाषांतरकारांनी ‘लेप्रा’ हा शब्द निवडला. ग्रीक वैद्यांच्या परिभाषेत लेप्रा म्हणजे खपल्या सुटणारा त्वचाविकार. खऱ्या कुष्ठरोगाला त्यांचे नाव निराळे होते. पुढे मध्ययुगात युरोपमध्ये ही दोन नावे एकमेकांत मिसळली आणि लेवीयाचे सर्व नियम एका विशिष्ट रोगाच्या माथी बसले. आपल्याकडेही तसेच घडले. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ हा अठरा त्वचाविकारांचा वर्ग आहे; चरकाने सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे सांगितली आहेत. त्या व्यापक अर्थाने पाहिले तर मराठी भाषांतरकाराची निवड अगदीच गैर नव्हती. परंतु नॉर्वेमधील डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली एका विशिष्ट जंतूचा शोध लावला आणि कुष्ठरोग हे नाव हळूहळू त्या एकाच रोगाला चिकटले. शब्द आकुंचन पावला. मात्र त्याच्या अंगावरचा जुना कलंक तसाच राहिला.

या कलंकाचे ओझे खऱ्या माणसांनी वाहिले. अस्पृश्यतेच्या आणि पूर्वजन्मीच्या पापाच्या कल्पना आपल्या समाजात आधीच होत्या. धर्मशास्त्राच्या भाषांतरित शब्दाने त्यांना आणखी एक टेकू मिळाला. रोगी मनुष्य गावाबाहेर गेला, संसारातून उठला. कायद्यानेही त्याला दूर ठेवले. १८९८ सालचा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा भारतात २०१६ पर्यंत पुस्तकात राहिला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून अनेक विवाहविषयक कायद्यांत होते, ते २०१९ च्या दुरुस्तीने निघाले. वस्तुतः १९८२ पासून अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराने हा रोग पुरता बरा होतो. सहा महिने ते एक वर्ष औषध घेतले म्हणजे पुरते. औषध आले आणि जंतू हटला. शब्द मात्र मागे राहिला. म्हणून अलीकडच्या अनेक भाषांतरांत या जागी ‘त्वचारोग’ किंवा तत्सम शब्द योजला जातो. हा शास्त्रात केलेला फेरफार नव्हे. मूळ शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत देण्याचा तो प्रयत्न आहे.

याच ग्रंथात दुसरी बाजूही आहे, हे सांगितले पाहिजे. अरामचा सेनापती नामान याला हाच ‘सारअथ’ होता, तरी तो राजाच्या दरबारात सन्मानाने वावरत होता. आणि असा विकार झालेला मनुष्य येशूपुढे आला, तेव्हा येशूने हात पुढे करून त्याला स्पर्श केला, असे शुभवर्तमान सांगते. सीमाभागापासून जवळच असलेल्या मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उभे राहिले. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्या काळी ‘महारोगी’ हा शब्द सेवाभावाने घेतला गेला. आज तोही मागे पडून ‘कुष्ठरुग्ण’ आणि ‘रोगमुक्त’ असे शब्द पुढे आले आहेत. ज्या वाचकाने एकच वचन उचलले, त्याला बहिष्काराचा आधार मिळाला. ज्याने शब्दाचे सर्व उपयोग एकत्र ठेवून पाहिले, त्याला निराळा बोध झाला. शब्दाचा अभ्यास नीट झाला की नाही, यावर एखाद्या मनुष्याला घरात जागा मिळते की घराबाहेर, हे अवलंबून राहू शकते.

तेव्हा साध्या वाचकाने काय करावे? मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी उपक्रम, उपसंहार, अभ्यास इत्यादी गमके सांगितली आहेत. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या आरंभी त्यांची चर्चा केली आहे. प्रकरणाचा आरंभ काय, शेवट काय आणि मध्ये पुनःपुन्हा काय सांगितले आहे, हे पाहावे, असा त्यांचा आशय. बायबलाच्या वाचकालाही हेच उपयोगी पडते. अडलेल्या शब्दाच्या मागचा व पुढचा मजकूर प्रथम वाचावा. तोच शब्द त्याच लेखकाने अन्यत्र कसा वापरला आहे, ते पाहावे. एकाहून अधिक भाषांतरे समोर ठेवावी. कानडी येत असेल तर तो पाठ अवश्य पाहावा. शब्दकोश उघडावा, पण त्यातील सर्वच अर्थ एका जागी कोंबू नयेत. कोश शक्यता सांगतो, निर्णय वाक्य देते. व्युत्पत्ती शेवटी पाहावी आणि ती आवडली म्हणून स्वीकारू नये. ज्या अर्थाने दुसऱ्या मनुष्यावर ओझे पडणार असेल, तो अर्थ स्वीकारण्यापूर्वी तर पुन्हा एकदा तपासावा.

यासाठी हिब्रू आणि ग्रीक येणे उपकारक आहे, परंतु त्यावाचून सारे अडते, असे नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील सामान्य मनुष्य दोन भाषांच्या उंबरठ्यावर रोज उभा असतो. ‘अवसर’ हा शब्द ऐकून तो रागावत नाही आणि फसतही नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून, काय चालले आहे ते समजून घेऊन, तो अर्थ लावतो. शेजाऱ्याच्या साध्या बोलण्याला तो जेवढी सावधगिरी आणि जेवढा आदर दाखवितो, तेवढाच धर्मग्रंथातील शब्दालाही दाखविला, तर अर्थाचे अनर्थ पुष्कळ कमी होतील.